जुगार या सदराखाली

"अण्णा, तुम्ही जुगार खेळता?"

फोनवर हेमंतनं कसे आहात, जेवलात का, काही न विचारता एकदम हेच विचारलं. मी कांदा चिरत होतो, त्यामुळं डोळ्यांना धार लागलेली. फोन खांद्यानं दाबून धरला आणि म्हणालो, "कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणता. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात आहे. एप्रिल, एक हजार, जुगार. मे, एक हजार, जुगार. जून, जुलै…"

"मग ऑगस्टचंही असेल बघ."

"आहे ना! म्हणून तर विचारतोय."

"मग बरोबर आहे रिपोर्ट. एकही महिना चुकवलेला नाही."

 तिकडून माझ्या सुनेचं, स्नेहलचं कुजबुजणं ऐकू आलं. "त्यांच्यावर ओरडू नको. अशा वेळी लागतात असले नाद." मग हेमंत पुन्हा फोनवर आला. "शेजारी गायकवाडकाकांना विचारलं मी. ते म्हणाले, दर पाच तारखेला तुमच्याकडं माणसं जमतात. हसण्याखिदळण्याचे आवाज येतात. खरं का?"

"खरं आहे. अरे, पण त्या…"

"मी उद्या येतोय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला मौज वाटली. बाप एकटा आहे म्हणून दोन महिन्यांत ज्याला पुण्याहून बार्शीला यायला सवड झाली नव्हती, तो बाप जुगार खेळतो म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी निघाला. हे आधी कळलं असतं तर मी एप्रिलमध्येच पत्ते विकत आणले असते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बायको सुलभा त्या वर्षी फेब्रुवारीत गेली होती. नोकरी लागल्यापासून मी पगार तिच्या हातात देत आलो आणि घर आपोआप चालतं असं मानत आलो. ते आपोआप चालत नव्हतं हे मला मार्चमध्ये कळलं, कारण दारात लाइट तोडायला माणूस आला. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होतो. पट्टी थकली की लोकांचे नळ तोडायला मीच जायचो आणि वर त्यांना चार शब्द ऐकवायचो. त्या माणसानं मला तेच चार शब्द ऐकवले. फार सफाईनं ऐकवले. कामाचा माणूस होता.

हेमंतला ते कळलं आणि त्यानं लगेच ठरवून टाकलं. "पुण्याला आमच्याकडं चला. हे घर भाड्यानं देऊ."

"मी तिथं काय करू?"

"इथं काय करता?"

त्यावर मी रागावलो. बरीच वादावादी झाली आणि शेवटी तोडगा निघाला. हेमंतनं त्याचा जुना कॉम्प्युटर आणून आतल्या खोलीत मांडला. घराचा हिशेब मी त्यावर ठेवायचा आणि महिन्याच्या महिन्याला त्याला ईमेलनं रिपोर्ट पाठवायचा. दसऱ्यापर्यंत रिपोर्ट सरळ आले तर मी माझ्या घरात राहायचं. नाहीतर सामान बांधायचं. नव्या ठेकेदाराला आम्ही असंच आधी गटाराचं एक काम देऊन बघायचो.

"हिशेबाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात," तो म्हणाला. "तीन डाउनलोड करून ठेवलीत. वापरून बघा आणि जमेल ते ठेवा."

फुकट म्हटल्यावर मला आनंद झाला. नंतर कळलं, ती फुकट का देतात ते.

पहिलं सॉफ्टवेअर अमेरिकेतलं होतं. माझी गोल्फची फी किती, कुत्र्याच्या डॉक्टरला किती देतो, मुलं सांभाळायला येणाऱ्या मुलीचा पगार काय, हे सगळं त्यानं आपुलकीनं विचारलं. दूध, दळण आणि रद्दी यांची त्याला कल्पना नव्हती. डॉलरचे रुपये कुठं करायचे ते मला सापडलं नाही, त्यामुळं पहिल्या रिपोर्टात मी नऊशे डॉलरचं दूध प्यालो. हेमंतचं उत्तर आलं, "अण्णा, म्हैस घेतली असती तर स्वस्त पडली असती." तोपर्यंत त्याचा सूर बरा होता.

दुसरं सॉफ्टवेअर फार हुशार लोकांनी केलेलं होतं. प्रत्येक रुपया कुठून निघाला आणि कुठं पोचला, दोन्ही सांगितल्याशिवाय ते कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेऊ द्यायचं नाही. कोथिंबिरीपर्यंत मी निभावलं. भिशीपाशी अडलो.

भिशीचं असं झालं होतं. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी कुसुम होनराव चालवायच्या. त्या बालवाडीच्या निवृत्त बाई, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. दर पाच तारखेला प्रत्येकीनं हजार रुपये भरायचे आणि सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकायच्या. जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम घरी न्यायची. मग तिची चिठ्ठी फाडायची, पण पैसे मात्र फेरी संपेपर्यंत भरत राहायचे. सुलभाही त्यात होती. एप्रिलच्या पाच तारखेला होनराववहिनी आल्या आणि उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "भाऊजी, सुलभाचे हजार."

"ती गेली, वहिनी."

"मला माहीत नाही का? मी तिला न्हाऊ घातलंय. तिची चिठ्ठी अजून तांब्यात आहे. मार्चचं मी संभाळून घेतलं. भरायचे नसतील तर चिठ्ठी काढून टाकते आणि आजवर भरलेले तुम्हाला परत देते. काढू?"

मी पाकीट काढलं.

तर त्या हुशार सॉफ्टवेअरनं विचारलं, हे हजार गेले कुठं? होनराववहिनींकडं. म्हणजे खर्च झाले? नाही, परत येणार आहेत. मग उसने दिले? नाही. मग ठेव आहे? हो, असं म्हणता येईल. कुठल्या बँकेत? तांब्यात. यावर त्यानं लाल अक्षरात काहीतरी सांगितलं आणि मी त्याला रामराम केला.

तिसरं मात्र माझ्या तोलामोलाचं निघालं. त्यात कोपऱ्यात एक गुलाबी डुक्कर होतं. खर्च बेतात असला की ते हसायचं, जास्त झाला की रडायचं. माझ्या खर्चाला रडण्याचा हक्क एकाच बाईला होता आणि तीसुद्धा इतक्या लवकर रडायची नाही. पण रुपये कुठं आहेत ते तिथं लगेच सापडलं, म्हणून मी हेच ठेवलं. सुरुवातीला त्यानं विचारलं, कुटुंबात माणसं किती? मी दोन लिहिलं. पुन्हा बदलायला गेलो नाही. माणशी खर्च फारच कमी आहे म्हणून डुक्कर रोज हसायचं.

भिशी त्याच्या यादीतही नव्हती आणि सदर निवडल्याशिवाय ते पुढं सरकायचं नाही. खाली उतरत गेलो तर एका जागी लॉटरी आणि जुगार यांनी एकत्र बिऱ्हाड केलेलं दिसलं. भिशीत चिठ्ठी टाकतात, नशिबानं निघते, म्हणजे लॉटरीच झाली की. मी तिथं हजार रुपये लिहिले. बेरीज जुळली. डुक्कर हसलं. रिपोर्टात ते लॉटरी गाळून जुगाराचं नाव तेवढं छापील हे मला काय माहीत!

हेमंतच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी पाच तारीख होती. भिशी पूर्वी आळीपाळीनं एकेकीच्या घरी व्हायची. मी भिशीत आल्यापासून बायकांनी ती आमच्याकडंच ठेवली. "दुसरीकडं ठेवली तर तुम्ही यायचे नाहीत," होनराववहिनी म्हणाल्या होत्या, "आणि हजार रुपये पोराच्या हातानं पाठवाल." ते खरंच होतं. मग मी चहा करायला लागलो आणि पुढं पुढं उप्पीट.

दुपारी बायका सतरंजीवर बसल्या होत्या आणि माझं उप्पीट हातोहात फिरत होतं, म्हणजे खायला कुणी तयार नव्हतं.

"भाऊजी, हे उप्पीट आहे का खीर?" कुणीतरी विचारलं.

"पाणीखात्यात जन्म गेला त्यांचा," शकुंतला मठपती म्हणाल्या. "पाणी जास्त पडणारच."

"निवृत्त झाल्यावर तरी कॉक बंद करा म्हणावं!"

त्या हसण्यातच दार ढकलून हेमंत आत आला. चेहरा असा, की मागं पोलिसही असावेत. बाहेरचा चपलांचा ढीग बघून त्यानं धीर गोळा केला असणार. आत बघतो तर नऊवारी, पाचवारी, हळदीकुंकवाला जमावी तशी मंडळी, आणि मध्ये डाव घेऊन उभा असलेला बाप.

"ये हेमंता," होनराववहिनी म्हणाल्या. "उप्पीट खाणार? धीर असेल तर खा."

"अण्णा, जरा आत या," तो म्हणाला.

आतल्या खोलीत जाऊन त्यानं आधी कॉम्प्युटर लावला. मला वाटलं, आधी पाणी मागेल.

"ही भिशी आहे?"

"हो."

"मग जुगार का लिहिलं?"

"यादीत भिशी नव्हती."

"बचत लिहायचं ना, अण्णा!"

"बचतीला बँकेचं नाव मागतं."

त्यानं कपाळाला हात लावला. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, पण एवढ्या लांब गाडी चालवत आलेल्या माणसाला ते कबूल करणं जड जातं. तो चिडूनच बोलत राहिला. "स्नेहल दोन दिवस नीट जेवली नाही. सासरे पत्ते कुटतात म्हणून ती कुठल्या कुठल्या डॉक्टरांचे नंबर शोधत बसलीये. आणि हे काय? कुटुंबात माणसं दोन? दोन कुठली?"

"एक मी. दुसरं ते डुक्कर धर."

त्याला हसू आलं नाही. पडद्याकडं बघतच तो म्हणाला, "आपलं ठरलं होतं. रिपोर्ट सरळ असेल तर. माणसं चुकीची, सदर चुकीचं, दूध डॉलरमध्ये. मी काय समजायचं? मी दसऱ्याला टेम्पो घेऊन येतो."

"ये."

"आणि हे हजार रुपये कशासाठी भरता तुम्ही? आईची भिशी होती ती. तुम्हाला काय करायचीये भिशी?"

"नाव निघालं की सगळे मिळतात."

"अजून निघालं नाही?"

"नाही."

"मग देव करो आणि आजच निघू दे. म्हणजे सुटलात तुम्ही."

मी कीबोर्डवरची धूळ पुसली. मला तिथं उभं राहवेना, म्हणून बाहेर आलो. मागोमाग तोही आला.

होनराववहिनींनी पदर खोचून तांब्या पुढं घेतला होता. "हेमंता, बस इथं माझ्यापाशी. चिठ्ठी उचलायला दर वेळी मूल शोधावं लागतं. आज तू उचल."

"मी मूल आहे का, काकू?"

"माझ्या वर्गात नाक पुसायला माझाच पदर घ्यायचास. बस मुकाट्यानं."

तो बसला. त्याच्या शेजारी मी. फेरी संपत आली होती. सगळ्यांची नावं निघून दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या, शकुंतला मठपतींची आणि सुलभाची. मठपतींची मुलगी बाळंतपणाला आलेली होती आणि त्यांचं सगळं लक्ष त्या तांब्याकडं होतं. माझंही होतं.

चिठ्ठ्या टाकण्याआधी होनराववहिनी हजेरी घ्यायच्या. बालवाडीची सवय, हजेरीशिवाय त्यांना कुठलंच काम सुरू करता यायचं नाही. फेरी सुरू होताना कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठीवर प्रत्येकीनं आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं, आणि दर महिन्याला ते नाव पुकारून, जागेवरून उत्तर आलं की मगच चिठ्ठी तांब्यात जायची.

"शकुंतला मठपती."

"आहे," मठपतीबाई म्हणाल्या. चिठ्ठी तांब्यात पडली.

"सुलभा दुधाणे."

"आहे," मी म्हणालो.

दर महिन्याला म्हणायचो तसंच म्हणालो. बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. त्यांना सवय झाली होती. हेमंतला नव्हती. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिला. चिठ्ठी तांब्यात पडली तसं त्यानं तांब्याकडं बघितलं, मग होनराववहिनींच्या बोटांकडं, ज्या बोटांनी त्या निघालेली चिठ्ठी फाडायच्या.

"उचल की रे," त्या म्हणाल्या. "साप नाही आत."

त्यानं हात घातला. दोन चिठ्ठ्यांमधून एक काढायला त्याला फार वेळ लागला. उघडली. मी त्याला खेटूनच होतो. सुलभा भ काढताना आधी गाठ मारायची आणि मग दांडी गरजेपेक्षा खाली ओढायची. मी किती वेळा म्हणालो असेन, अक्षराला लंगोट कशाला नेसवतेस. तो भ मला लांबूनही ओळखू आला असता. तिथं तर मध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

हेमंत चिठ्ठीकडं बघत होता.

"वाच की," कुणीतरी म्हणालं. "इंग्रजीत लिहिलंय का?"

हेमंत म्हणाला, "शकुंतला मठपती."

टाळ्या पडल्या. मठपतीबाईंनी देवाच्या फळीकडं बघून हात जोडले आणि मग त्या पदरानं डोळे टिपायला लागल्या. होनराववहिनींनी हात पुढं केला. "आण ती. फाडते."

"राहू द्या काकू, मी टाकतो," हेमंत म्हणाला. चिठ्ठी दुमडून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून तळहात दाबून धरला, जसा काही वारा सुटला होता.

होनराववहिनींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तांब्या उपडा करून त्यांनी उरलेली चिठ्ठी काढली आणि न उघडता पर्समध्ये टाकली. "शेवटचीला सोडत लागत नाही," त्या म्हणाल्या. या बाईंनी न तपासता कुठली गोष्ट आत ठेवलेली मी तोवर बघितली नव्हती.

मठपतीबाई नोटा घेऊन उठल्या. बाकीच्या पुन्हा माझ्या उप्पिटाच्या मागं लागल्या.

"मग पुढच्या पाच तारखेला सुलभाची," होनराववहिनी म्हणाल्या, "आणि फेरी पूर्ण. दिवाळीनंतर नवी फेरी सुरू. भाऊजी, तुम्ही इथं असणार ना? आतून टेम्पोचं काय काय ऐकू येत होतं."

आमची भिंत एवढी पातळ आहे हे मला माहीत नव्हतं. मी पातेल्यातला डाव काढून पुन्हा पातेल्यात ठेवला.

"असतील," हेमंत म्हणाला.

"तुला विचारलं का मी?"

"अण्णा इथंच असतील, काकू. टेम्पोचं राहू दे." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ते सदर मी जाण्याआधी बदलून देतो. भिशी म्हणूनच लिहितो. स्वतःचं सदर करता येतं त्यात."

"एवढं येत होतं तर आधी का नाही केलंस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

"पुरे," होनराववहिनी म्हणाल्या. "बापलेकांनी आत जाऊन भांडा. आधी मला नवी नावं घेऊ द्या. दुधाण्यांकडून कुणाचं नाव?"

 मी काही बोलण्याआधी हेमंत म्हणाला, "अण्णांचं."

"पुरुषाचं नाव बायकांच्या भिशीत?" एक बाई म्हणाली.

"चालेल," मठपतीबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "पण उप्पीट सुधारायचं."

होनराववहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेलं पान फाडलं, चौकोन केला आणि पेनासकट माझ्यापुढं सरकवला. मी नाव लिहिलं. त्यांनी कागद हातात धरून चष्म्यातून बघितला, अक्षर पास केलं आणि सवयीनं पुकारलं, "भालचंद्र दुधाणे."

 दुसऱ्याच्या नावाला गेले पाच महिने मी बिनचूक हजेरी देत होतो. स्वतःच्या नावाला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. बायका वाट बघत होत्या. होनराववहिनींनी कागद खाली ठेवला नाही. उत्तर आल्याशिवाय त्या ठेवणार नव्हत्या.

"भालचंद्र दुधाणे," त्यांनी पुन्हा पुकारलं.

"आहे," हेमंत म्हणाला.